हात पोहोचेल एवढ्या उंचीवर

(दृश्य: मालवण तालुक्यातील एका वाडीतील कौलारू घर. पडवीच्या खांबाशी उभी असलेली तीन वर्षांची मुलगी.)

तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची साधारण ९५ सेंटीमीटर असते. आजच्या घरातील स्वयंपाकाचा ओटा ८० ते ८५ सेंटीमीटरवर, बेसिनची कड जवळपास तेवढीच उंच, दिव्याचे बटण त्याहूनही वर आणि कपाटाची कडी मोठ्यांच्या खांद्याशी. त्यामुळे पाणी प्यायचे असो, हात धुवायचे असोत की अंगातला भिजलेला सदरा बदलायचा असो, मुलाला दिवसभर कोणाला तरी हाक मारावी लागते. आणि ज्या वयात त्याला सगळे आपल्या हाताने करून पाहायचे असते, नेमक्या त्याच वयात ‘थांब, मी देते’ हे वाक्य त्याच्या कानावर सर्वांत जास्त वेळा पडते. या चित्रफितीत आपण कोकणातील एक घर मुलाच्या उंचीवरून पाहणार आहोत.

कोकणातील जुन्या घराचा बराचसा व्यवहार जमिनीलगत होत असे. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, जेवायला पाट, आणि ओटीवरच्या झोपाळ्याची फळीही मुलाला हात टेकून चढता येईल एवढीच उंच. मुलांसाठी म्हणून या घरात वेगळे काही केलेले नव्हते, तरीही आजीच्या शेजारी बसून पावट्याच्या शेंगा सोलणारे मूल आजीच्या हातांच्या पातळीवर असे आणि ते हात काय करतात हे त्याला जवळून दिसत असे. उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आला, तेव्हा बाईच्या कमरेला आणि गुडघ्यांना मोठा आराम मिळाला. तो बदल हवाच होता. मात्र मुलाच्या डोळ्यांसमोर आता ओट्याखालची बंद दारे आणि आईची पाठ एवढेच उरले. जुन्या घराबद्दल बोलताना हेही सांगितले पाहिजे की तेथे उघडी चूल होती, वीतभर उंच उंबरठे होते, भर दुपारी अंधारे असणारे माजघर होते आणि परसात अनेकदा कठडा नसलेली विहीरही होती. ते घर जसेच्या तसे परत आणावे असे कोणी म्हणणार नाही. त्यात मुलाच्या हाताशी काम होते, ते आजच्या घरात पुन्हा कसे बसवायचे, हा आपला प्रश्न आहे.

(दृश्य: बोर्डीचा समुद्रकिनारा, सुरूची बने.)

मुलाच्या मापाने घर मांडण्याचा पद्धतशीर विचार डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी केला. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू झाले. चार वर्षांची दोन मुले उचलून नेऊ शकतील एवढी हलकी टेबले, छोट्या खुर्च्या, बुटकी कपाटे आणि तीन-चार वर्षांच्या मुलाचा हात पोहोचेल अशी हात-तोंड धुण्याची जागा त्यांनी करून घेतली. खुर्ची हलकी असली की जरा धक्का लागताच ती पडते आणि मोठा आवाज होतो. मॉन्टेसरीबाईंना ते चालत होते, कारण आपली हालचाल कोठे चुकली हे मुलाला रागावणाऱ्या माणसाऐवजी त्या खुर्चीकडून कळते. १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या आणि महायुद्धाच्या काळात भारतातच राहिल्या.

कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, बालशिक्षणाचा हा विचार ताराबाई मोडक यांनी रुजवला. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. शहरातील बालमंदिरांची महाग साधने त्या वस्तीला परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा भोवतालच्या वस्तूंतून साधने तयार झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी पुढे देशभर पोहोचली. लाकडी बालसाहित्याच्या जाहिराती पाहून ‘हे आपल्याला कसे जमणार’ म्हणून खंतावणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना हा इतिहास माहीत असावा असे मनापासून वाटते, कारण आपल्याच किनाऱ्यावर हे काम मुठीत मावणाऱ्या शिंपल्यांवर उभे राहिलेले आहे.

(दृश्य: परसदार. विहिरीवरील लोखंडी जाळी.)

मुलासाठी घर खुले करण्यापूर्वी काही जागा पक्क्या बंद कराव्या लागतात. विहिरीला कठडा, तोंडावर लोखंडी जाळी आणि परसाच्या दाराला मुलाच्या हाताला न लागणारी कडी, हे झाल्याशिवाय पुढचे काहीही करू नये. या एका बाबतीत मुलाचे स्वातंत्र्य, मोठ्यांची नजर किंवा ‘आमच्याकडे असे कधी झाले नाही’ हा विश्वास, यांतले काहीही पुरेसे नाही. वितभर पाणी उरलेली बादलीसुद्धा दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून न्हाणीघरातील बादल्या काम झाले की रिकाम्या करून पालथ्या घालाव्यात. कलमांवर फवारायची औषधे, उंदराचे विष आणि रॉकेल यांची जागा उंच फडताळात व कुलपात हवी, आणि ही द्रव्ये सरबताच्या जुन्या बाटलीत कधीही भरून ठेवू नयेत. काजूच्या हंगामात ओल्या बिया पडवीत पसरलेल्या असतात. त्यांच्या सालीतील तेलाने कातडी भाजते, तेव्हा ते काम मुलाला देऊ नये.

इतके झाले की मग हात मोकळा सोडता येतो.

पडवीपासून सुरुवात केली तर एका दुपारच्या कामात मोठा फरक दिसतो. मोठ्यांच्या खुंट्यांच्या खाली, जमिनीपासून ७५ ते ८० सेंटीमीटरवर, दोन बोथट लाकडी खुंट्या ठोकाव्यात. एकीवर दप्तर, दुसरीवर रेनकोट. पावसाळ्यात रेनकोटाची खुंटी पागोळीच्या बाजूला असावी, म्हणजे निथळणारे पाणी बाहेरच्या चिऱ्यावर पडते आणि पडवी निसरडी होत नाही. चपलांसाठी जमिनीपासून उचललेली एक फळी पुरते. कोकणात ही फळी नुसती टापटीप म्हणून नाही: चिऱ्यांच्या फटीत, सरपणाच्या ढिगाखाली फुरसे आणि विंचू असतात, आणि कोपऱ्यात पडलेला बूट त्यांना आवडतो. लाल विंचवाच्या दंशाने या भागात लहान मुले दगावत असत, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरण्यास सुरुवात केल्यानंतर हे मृत्यू खूप कमी झाले, तरी काळजी सुटत नाही. म्हणून या घराचा नियम असा आहे की बूट आधी मोठ्यांनी झटकायचे आणि नंतर मुलीने स्वतः घालायचे.

(दृश्य: भिंतीलगत आडवी ठेवलेली आंब्याची लाकडी पेटी. तिच्यात मोजक्या वस्तू.)

मुलीचे कपाट म्हणजे आंब्याच्या दोन पेट्या आहेत. खिळे काढून, काचकागदाने कडा घासून त्या आडव्या ठेवल्या आहेत, आणि त्यांच्याखाली चिऱ्याचे तुकडे दिले आहेत, कारण मुलाच्या उंचीवर ठेवलेली वस्तू हीच कोकणात ओल आणि वाळवी यांना सर्वांत आधी सापडते. भिंतीपासून चार बोटे अंतर राखले की बुरशीही कमी धरते. पेटीत पाच-सहाच वस्तू आहेत: रंगीत खडूंचा डबा, कापडी बाहुली, शिंपल्यांची परडी, दोन पुस्तके, करवंट्यांची उतरंड. बाकीची खेळणी माळ्यावर आहेत आणि अधूनमधून अदलाबदल होते. पसाऱ्यातून निवडणे तीन वर्षांच्या मुलाला कठीण जाते आणि तो आवरणे त्याहून कठीण. वस्तू मोजक्या असतील आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असेल, तर उचललेली वस्तू परत ठेवण्याची सवय फार बोलणी न बसता लागते. दुसऱ्या पेटीत कपड्यांचे दोनच जोड ठेवलेले असतात, त्यांतला कोणता घालायचा ते ती ठरवते. पाठीमागे बटणे असलेला झगा आणि नाडीची चड्डी ही मुलांना मोठ्यांवर अवलंबून ठेवणारी वस्त्रे आहेत. रबराची चड्डी आणि सैल गळ्याचा सदरा त्यांना लवकर जमतो.

पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो होते आणि पितळी तांब्याचे वजन त्यावर वेगळे, शिवाय त्याला धरायला कान नसतो. असा भरलेला तांब्या मुलाच्या हातून सांडला, तर दोष तांब्याचाच मानावा. या घरात पाटावर एक छोटा कानाचा जग असतो, त्यात दोन पेल्यांपुरतेच पाणी असते, शेजारी लहान पेला आणि खाली वीतभर रुंदीचे सुती फडके. सांडले तर पुसायचे फडके हाताशी असणे हे पाणी हाताशी असण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ते नसेल, तर सांडलेले पाणी ही मोठ्यांची अडचण होते आणि ओरडा ठरलेलाच असतो. आजी शेजारी बसते आणि म्हणते, ‘मी बघतंय, तू ओत.’ पाणी पेल्याबाहेर जाते, फडके येते, लादी पुसली जाते. हे सगळे आजीने केले असते तर अर्ध्या मिनिटाचे काम होते, आणि अंगणवाडीची वेळ झालेल्या सकाळी ते अर्धे मिनिटच सर्वांना हवे असते. म्हणून घराची मांडणी बदलताना सकाळ दहा-पंधरा मिनिटे आधी सुरू करावी लागते. खुंट्या खाली आल्या आणि घाई तशीच राहिली, तर रेनकोट शेवटी आईच काढून देते.

जेवणाच्या बाबतीत कोकणातील घरांत एक हळवा प्रश्न येतो. नातवंडाला मांडीवर घेऊन मऊ भात भरवणे हे आजीचे सुख आहे आणि ते तिच्याकडून काढून घेण्याचा सल्ला कोणी देऊ नये. या घराने काढलेला तोडगा चांगला वाटला. मासळीचा काटा काढून देण्याचे काम आजीचे, कारण ते खरोखरच मोठ्यांच्या बोटांचे आणि नजरेचे काम आहे. घास तोंडात घालण्याचे काम मुलीचे. सकाळची पेज उथळ ताटलीऐवजी खोलगट वाटीत दिली जाते, म्हणजे चमच्यात ती नीट येते. स्वयंपाकघरात ओट्याशी दोन्ही बाजूंना कठडा असलेली भक्कम लाकडी पायरी आहे, शेगडीपासून दोन हात दूर. तिच्यावर उभे राहून ती केळे सोलते, कोथिंबीर निवडते, करवंटीने तांदूळ मोजून रोवळीत घालते. मे महिन्यात अंगणात वाळत घातलेली आमसुले उलटण्याचे काम तिच्याकडे असते.

न्हाणीघराबद्दल थोडक्यात एवढेच की शेवाळ रोज घासले पाहिजे, बसायला बुटका पाट हवा, आणि कढत पाण्यात विसण घालण्याचे काम मुलाकडे कधीही द्यायचे नाही.

(दृश्य: बुटकी खाट, चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी.)

झोपण्याच्या जागेबाबत मात्र बाहेरचा सल्ला तपासून घ्यावा लागतो. मुलाची गादी जमिनीवर घालावी, म्हणजे त्याला स्वतः निजता-उठता येते, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. थंड आणि बंदिस्त घरांसाठी ते योग्य असेल. कोकणात, विशेषतः पावसाळ्यात, ते धोक्याचे आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याची उदाहरणे अनेक आहेत, आणि तिच्या दंशाच्या वेदना इतक्या कमी असतात की झोपलेल्याला कळतही नाही. गुडघ्यापेक्षा थोडी कमी उंच खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी ही येथील रीत आहे. त्या उंचीची खाट मुलाला स्वतः चढता-उतरता येते, आणि मच्छरदाणीची एक बाजू सकाळी कशी सोडवायची हे तीन वर्षांचे मूल शिकते. अंधारात पाय जमिनीवर टेकण्यापूर्वी लावता येईल असा छोटा दिवा उशाशी ठेवलेला आहे.

कुडाळ, चिपळूण, रत्नागिरीच्या इमारतींतील घरांत पडवी नसते आणि विहीरही नसते, पण दरवाजामागची खुंटी, बेसिनपुढची पायरी आणि खालच्या कप्प्यातील पाण्याचा जग यांना जागा सापडते. तेथे आधी खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी हवी. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या मुलांसाठीही एखादी रिकामी खुंटी आणि दूर्वा-फुलांची एक परडी राखून ठेवली, तर आरतीच्या गडबडीत ती मुले पायांत न येता कामाला लागतात.

या घरात आता रांगणारा धाकटा भाऊ आला आहे आणि त्यामुळे मांडणी पुन्हा बदलली आहे. रांगते मूल हाती येईल ते तोंडात घालते. शिंपले, चिंचोके, गुंजा यांतले काहीही घशात अडकू शकते आणि गुंज चावली गेली तर ती विषारी आहे. गुंजा तेव्हाच घराबाहेर गेल्या. शिंपले फिरवून उघडायच्या झाकणाच्या डब्यात घालून वरच्या पेटीत ठेवले आहेत, जेथे मोठीचा हात पोहोचतो आणि जे झाकण तिला उघडता येते. खालच्या पेटीत धाकट्यासाठी करवंट्या, लाकडी पळी आणि एक रिकामे पातेले आहे. डबा उघडायचा तो खाटेवर बसून, आणि बंद करूनच खाली उतरायचे, असे मोठीने आणि आईने मिळून ठरवले आहे.