अजून बाल्यावस्थेत?

मंडळी, ‘हे तंत्रज्ञान अजून बाल्यावस्थेत आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिलंय. मीही लिहिलंय. काम वेळेत झालं नाही की ते फार उपयोगी पडतं. इंग्रजी ‘इन्फन्सी’साठी आपण हा शब्द घेतला, पण तो मापाला जरा ढगळच आहे.

‘इन्फन्सी’च्या मुळाशी लॅटिन ‘इन्फान्स’ आहे, म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो. शब्दाच्या मुळात वयाचा उल्लेखही नाही. सहा-सात महिन्यांचं मूल ‘बाबाबा’ करतं आणि बाबा हुरळून जातात. त्या बिचाऱ्याला ओठ मिटून उघडण्याचा खेळ सापडलेला असतो, इतकंच. समजून उच्चारलेला पहिला शब्द वर्षाच्या आसपास येतो. वैद्यकातही ‘इन्फन्ट’ म्हणजे साधारणपणे वर्षाच्या आतलं मूल. त्यातले पहिले २८ दिवस नवजात. कायद्याने मात्र हा शब्द भलताच ताणला. इंग्लंडात एकवीस वर्षांखालचा माणूस कायद्याच्या भाषेत ‘इन्फन्ट’च असे; १९६९च्या कायद्याने ती मर्यादा १८वर आणली. म्हणजे मिसरूड फुटलेला, घरात सगळ्यांशी वाद घालणारा मुलगा, आणि कागदोपत्री ‘न बोलणारा’!

आपल्याकडे सुश्रुताने बाल्य सोळा वर्षांपर्यंत धरलंय, पण त्याचे तीन भाग पाडले. वर्षापर्यंत क्षीरप, दूध पिणारं, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद, दूध आणि अन्न दोन्ही घेणारं, पुढे अन्नाद. लॅटिनने मुलाची जीभ पाहिली, सुश्रुताने पोट. ‘इन्फन्सी’ खरी जुळते ती क्षीरपाशी. ‘बाल्यावस्था’ म्हणालात तर पंधरा वर्षांचा घोडाही त्यात बसतो.

बोलीतही दूधच पुढे येतं. अंगावर पिणारं, दुधखुळं, ‘ओठावरचं दूध अजून वाळलं नाही’. पण मला त्याहून आवडतात त्या मुलाच्या हालचालींवरून आलेल्या खुणा: पालथं पडतं, बसतं, रांगतं, धरून उभं राहतं. घरातल्या बाईला मुलाचं वय विचारा, ती महिने सांगण्याआधी ‘आत्ता रांगायला लागलंय’ असं सांगेल. आणि बाळसं! जन्मावेळचं वजन पाचेक महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं, मनगटावर दोरा बांधल्यासारखी वळी पडते. म्हणून ‘धंद्याने बाळसं धरलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला नेमकं दिसतं.

पालथं पडणं कधी जवळून पाहा. मूल मोठ्या जोराने कूस बदलतं, मान उचलून जग जिंकल्यासारखं इकडेतिकडे बघतं. मग लक्षात येतं की एक हात छातीखाली अडकलाय आणि परत उताणं होता येत नाही. लगेच भोकाड.

मध्यंतरी एका बैठकीत एक गृहस्थ ‘प्रकल्प बाल्यावस्थेत आहे’ म्हणाले. मी विचारलं, ‘रांगतोय का?’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘नाही हो. पालथा पडलाय आणि हात अडकलाय.’ त्यानंतरची सगळी चर्चा हात कुठे अडकलाय यावरच झाली.