शनवार तेल्यांचा घाणा

अलिबाग तालुक्यातला हा लाकडी घाणा. उखळीत तीळ पडतात, बैल चालू लागतो, जड लाट, म्हणजे लाकडी दांडा, दाण्यांवरून घासत फिरते आणि काही वेळाने तेलाची पहिली धार दिसते. या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्यांमध्ये बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी होते. सोमवारी घाणा बंद ठेवणारे इतर तेली ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे हे शनवार तेली, अशी गावाची साधी ओळख होती.

समोर दिसणारे हे स्मारक नवगावचे आहे. समाजाच्या परंपरेनुसार येथे एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे हिब्रू विसरली गेली, घरात मराठी आली आणि प्रार्थनांपैकी 'शेमा' उरली: हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे. मात्र शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, विसरला गेला नाही.

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तारे दिसू लागेपर्यंत चालतो. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली व सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून माणसानेही त्या दिवशी निर्मितीचे काम थांबवायचे. यहुदी शास्त्रकारांनी अशी एकोणचाळीस मूळ कामे सांगितली आहेत. त्यांतल्या मळणीच्या पोटात फळे पिळून रस किंवा तेल काढणेही येते. दहा आज्ञांतली शब्बाथची आज्ञा तर मालकाबरोबर चाकराला, परक्याला आणि गुराढोरांनाही विसावा देते. म्हणून शनिवारी या बैलाच्या मानेवर जू चढत नसे. ज्या घरात ग्रंथ नव्हता आणि शिकवणारा रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, नव्हता, त्या घराने इतका काटेकोर नियम नुसत्या वागण्यातून जपला, ही कोकणच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्या शाळांत शिकवली गेली पाहिजे.

आता हे तबक पाहावे. भिजवलेले पोहे, त्यांत साखर, खोवलेला नारळ, वेलची आणि सुकामेवा, भोवती फळे आणि फुले. हा मलिदा. लग्नाआधी, नवस फेडताना किंवा नव्या घरात पाऊल ठेवताना तो मांडला जातो आणि सगळे मिळून एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, गीत गातात. त्यानंतर आशीर्वाद म्हटले जातात, आणि प्रत्येक प्रकारच्या अन्नासाठी आशीर्वाद निराळा असतो. झाडाच्या फळांचा वेगळा आणि जमिनीतून उगवणाऱ्यांचा वेगळा. केळीला लाकडी खोड नसते, म्हणून केळे दुसऱ्या वर्गात जाते. ज्या केळीच्या आणि नारळाच्या वाडीतून हे तबक भरले, त्याच वाडीच्या फळांवर हिब्रू आशीर्वाद उच्चारले जातात. अग्निरथ प्रकट झाला आणि एलिया वावटळीतून स्वर्गात गेला, असे बायबल सांगते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. एलियाहू हन्नाबीचा टप्पा म्हणतात तो हाच.

मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, १७९६ मध्ये उभे राहिले. अलिबागच्या इस्राएल आळीतले हे मागेन आबोथ १८४८ मधले असून आजची इमारत १९१० ची आहे. एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनेही रचली गेली. रोहेकर, पेणकर, दिवेकर ही आडनावे तर गावांची नावेच सांगतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली, आणि सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणे रायगडातल्या सिनेगॉगांना अवघड होत गेले.

इस्राएलमधल्या रामला, लोद आणि दिमोना या गावांतही पोहे भिजवले जातात, नारळ खोवला जातो आणि मलिद्याचे तबक भरते.