नाभीपासून दोन त्सुन

डॉक्टरांची तीन बोटे रुग्णाच्या मनगटावर टेकलेली आहेत आणि बराच वेळ ती हललेली नाहीत. उपचार आहे ॲक्युपंक्चर, म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचणे; पण त्याआधी नाडी. चिनी पारंपरिक वैद्यकात मनगटावर नाडीची तीन स्थाने मानली जातात आणि दोन्ही हातांची नाडी स्वतंत्रपणे पाहिली जाते. मग जिभेची पाळी येते: तिचा रंग, तिच्यावर साचलेला थर, त्या थरातील ओलावा. रुग्णाने तक्रार एकाच शब्दात सांगितली आहे, बद्धकोष्ठता. परंतु हे वैद्यक त्या शब्दावर समाधान मानत नाही, आणि त्याचे मोठेपण मला इथेच दिसते. जीभ लाल, थर पिवळा व कोरडा आणि नाडी जलद असेल, तर आतड्यांतील उष्णतेने मल सुकला आहे असे समजतात. पोट फुगलेले असेल, ढेकर येत असतील आणि नाडी धनुष्याच्या दोरीसारखी ताठ लागत असेल, तर ‘छी’, म्हणजे शरीराला चालते ठेवणारी शक्ती, वाटेत अडली आहे असा निष्कर्ष निघतो. मल कठीण नसतानाही ज्याला कुंथावे लागते आणि शौचानंतर ज्याला गळून गेल्यासारखे वाटते, त्याच्या शरीरात तीच छी उणी पडलेली असते. हातपाय सतत गार असणाऱ्या वृद्धांना सुईबरोबर शेकही देतात; दवण्याच्या जातकुळीतील एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांची ही जाड कांडी त्यासाठीच पेटवली आहे.

आता मोजमाप सुरू होते. याचे एकक आहे ‘त्सुन’, आणि ते कोणत्याही पट्टीवर सापडत नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या शरीरावरच असते. रुग्णाच्या अंगठ्याची पेराजवळची रुंदी म्हणजे १ त्सुन आणि त्याची चार बोटे जुळवून धरली की ३ त्सुन. नाभीच्या दोन्ही बाजूंना २ त्सुनांवर ‘थ्येनशू’ हा बिंदू येतो, जो मोठ्या आतड्याचा पोटावरील मुख्य बिंदू मानला जातो. मोठ्या आतड्याचा दुसरा महत्त्वाचा बिंदू पोटापासून फार दूर, पायावर आहे: गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरील खळग्यापासून ६ त्सुन खाली, नडगीच्या हाडाच्या कडेपासून बोटभर बाहेर असलेला ‘शांगच्युशू’. पोटाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांचा हात गुडघ्याखाली का जातो, हे इथे उमगते.

खोलीतला, हे बिंदू दाखवणारा हा कांस्यपुतळा जुन्या पुतळ्यांच्या धर्तीवर घडवलेला आहे. १०२७ मध्ये, सुंग राजवटीत, वैद्य वांग वेइयी यांच्या देखरेखीखाली माणसाच्या उंचीचे असे दोन पुतळे ओतले गेले आणि त्यांच्या अंगावर बिंदूंच्या जागी छिद्रे ठेवली गेली. विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा लेप देऊन आत पाणी भरत असत, असे परंपरेत सांगितले जाते. सुई नेमकी छिद्रात गेली तरच पाणी बाहेर येई. सुमारे हजार वर्षांनंतरही पलंगाशी उभ्या असलेल्या या हाताची कसोटी तीच आहे.

कातडी पुसून घेतली जाते आणि अतिशय बारीक निर्जंतुक सुई त्वचा व चरबीच्या थरांतून पोटाच्या भिंतीतील स्नायूपर्यंत हळूहळू नेली जाते. ती किंचित वर-खाली केली जाते, बोटांत फिरवली जाते, आणि रुग्णाला तिथे जडपणा, ताण किंवा बोथट ठणका जाणवेपर्यंत डॉक्टर थांबतात. या जाणिवेला ‘द-छी’, म्हणजे छी येऊन पोहोचणे, असे म्हणतात. ती डॉक्टरांच्या बोटांनाही कळते. सुई कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखी घट्ट होते. त्यानंतर सुयांना बारीक तारा जोडून सौम्य विद्युतप्रवाह सोडला जातो आणि पुढचा अर्धा तास खोलीत फारशी हालचाल होत नाही.

२०१६ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, चीनमधील १५ रुग्णालयांत तीव्र व जुनाट बद्धकोष्ठता असलेल्या १,०७५ रुग्णांवर झालेल्या, विद्युतप्रवाहासह केलेल्या अशाच ॲक्युपंक्चरच्या चाचणीत, ८ आठवड्यांतील २८ बैठकांच्या काळात आठवड्याला सरासरी किमान ३ वेळा आपोआप पूर्ण पोट साफ होणाऱ्यांचे प्रमाण खऱ्या उपचारात ३१.३ टक्के, तर बिंदूंबाहेर उथळ सुया टोचलेल्या गटात १२.१ टक्के होते. मलातून रक्त जाणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे ही लक्षणे असतील, तर आधी त्यांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते.

प्रवाह बंद झाला आहे. एका हातात कापसाचा बोळा दाबून धरलेला आहे, दुसऱ्या हाताने सुया एकेक करून निघत आहेत, आणि जितक्या टोचल्या तितक्याच निघाल्या की नाही हे डॉक्टर मोजत आहेत.