पार्कातला ऋतू आधी मोबाइलवर येतो

नमस्कार मंडळी. इंदूरच्या आपल्या मराठी घरांमधून आता दर वर्षी कुणी ना कुणी अमेरिकेला मुलांकडे जातं, आणि गेलं की फ्लोरिडाचं डिस्ने वर्ल्ड ठरलेलंच. विमानाची तिकिटं कितीतरी आधी काढतात, पार्कची तिकिटं काढतात, पण खायचं काय ते ‘आत गेल्यावर बघू’. इंदूरकरांनी असं म्हणावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. रात्री जेवण झाल्यावर खायला बाहेर पडणारी माणसं आपण!

रात्रीच्या सराफा बाजारात गराडू, म्हणजे तळून खायचा तो कंद, कधी येणार हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. थंडी पडली की कढया चढतात. फोडी एकदा तळून ठेवलेल्या असतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत, मग वर लिंबू आणि जीरावन मसाला. थंडी सरली, कंद संपला की गराडूही संपला. थीम पार्कमधला ऋतू असा जमिनीतून येत नाही, तो जाहीर होतो. ऑगस्टमध्ये फ्लोरिडात घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि पार्कात भोपळ्याच्या गोड पदार्थांच्या पाट्या लागतात, कारण तिथल्या हॅलोवीनच्या पार्ट्या तेव्हापासूनच सुरू होतात. हवेवरून तुम्हाला काहीही ताडता येणार नाही. म्हणून सोशल मीडिया बघायचा. चव कळावी म्हणून नाही. तारीख, जागा आणि पदार्थात काय घातलंय ते कळावं म्हणून.

खरं तर पार्क आणि खाणं यांचं नातं जुनं आहे. कॅलिफोर्नियात नॉट्स बेरी फार्म नावाचं पार्क आहे. वॉल्टर नॉट हे बॉयझनबेरी नावाचं फळ पिकवणारे शेतकरी. 1934 साली त्यांच्या पत्नी कॉर्डेलिया यांनी घरच्या काचसामानात चिकनचं जेवण वाढायला सुरुवात केली, 65 सेंटला. पुढे रांगा इतक्या वाढल्या की ताटकळणाऱ्या लोकांचा वेळ जावा म्हणून 1940 पासून नॉटनी शेजारी जुन्या वेस्टर्न गावाची उभारणी सुरू केली. त्यातूनच आजचं पार्क वाढलं. म्हणजे आधी ताट, मग झुले! दर वसंतात तिथे बॉयझनबेरीचा उत्सव भरतो. खरी बेरी मात्र पिकते उन्हाळ्याच्या सुरुवातीला. उत्सवाची तारीख कॅलेंडर ठरवतं, झुडूप नाही, हे इथेही दिसतं.

आता डिस्ने वर्ल्डमधलं एपकॉट. 1982 साली सुरू झालेल्या या पार्कात तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत, आणि वर्षाचा बराचसा काळ तिथे कुठला ना कुठला उत्सव चालू असतो: जानेवारी-फेब्रुवारीत कलेचा, वसंतात फुलांचा, ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत खाण्यापिण्याचा, मग नाताळचा. प्रत्येक उत्सवाचे स्टॉल वेगळे, मेनू वेगळा. उत्सवाच्या काही आठवडे आधी डिस्ने स्वतः पूर्ण यादी टाकतं, स्टॉलच्या नावासकट. पाया त्या यादीचा ठेवा. रील नंतर.

रील बघताना आधी ती कधी टाकली ते बघा. इन्स्टाग्राम गेल्या वर्षीचा पदार्थ अगदी आजचा असल्यासारखा समोर आणतं, आणि तो या वर्षी मेनूवर नसतो. दुसरं, खाण्यावर लिहिणाऱ्यांना पार्क बरेचदा उद्घाटनाआधी बोलावून पदार्थ चाखायला देतो. त्या दिवशीची सजवलेली थाळी आणि शनिवारच्या गर्दीत हातात येणारी थाळी यांत फरक पडणारच. त्यामुळे मला पाहुण्या ब्लॉगरपेक्षा वार्षिक पास काढून दर आठवड्याला जाणारी स्थानिक माणसं जास्त भरवशाची वाटतात. ती स्टोरी टाकतात: आज अमुक स्टॉलवर रांग नाही, अमुक पदार्थ दुपारीच संपला. स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा. ऑक्टोबरमध्ये तिथे सकाळी अकराला देशांचे विभाग उघडतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. जेवणं आटोपेपर्यंत पहिल्या गिऱ्हाइकांचे फोटो आलेले असतात. जायच्या आधीचे काही दिवस एवढंच करा.

शाकाहारी मंडळींनी मात्र इथे नीट ऐकावं, कारण फसगत इथेच होते. डिस्नेच्या मेनूत काही पदार्थांपुढे हिरवं पान असतं. ते आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यासारखं नाही. पान म्हणजे मांस, दूध, अंडं, मध यांतलं काहीच नाही. म्हणजे दूध चालणाऱ्यांसाठी पान नसलेलेही काही पदार्थ योग्य असू शकतात, पण तिथे चौकशी लागते. मूस आणि मार्शमेलोमध्ये प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असू शकतं, चीजमध्ये दूध गोठवणारं प्राणिज रेनेट, सूपमध्ये चिकनचा स्टॉक. फोटोत यातलं काहीही दिसत नाही. कॉमेंटमध्ये विचारलंत तर कुणीतरी उत्साहाने ‘व्हेज आहे’ असं उत्तर देईल, आणि त्याच्या लेखी कदाचित मासेही व्हेज असतील. त्याच्यावर विसंबू नका. यादी मोबाइलवर करा, पण हा प्रश्न स्टॉलवरच्या माणसालाच विचारा. संकोच बिलकुल नको. पथ्य आणि ॲलर्जीबद्दल विचारणारे तिथे रोजच येतात.

स्टॉलवरच्या बशा लहान असतात. चौघं असाल तर एकेक पदार्थ एकच घ्या आणि वाटून खा. यादी पाच-सहा पदार्थांची पुरे, आणि त्यातलाही संपायची शक्यता असलेला पदार्थ सगळ्यात आधी.