काळा पडला म्हणजे आजारी पडला?

(कोल्हापुरात टाकीत मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींसमोर झालेल्या बोलण्याचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक विचारते. चिलापी खाल्लेल्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. म्हणजे सिक्लिड या कुळातले मासे तुम्हाला नवे नाहीत, फक्त तुम्ही ते तळलेले बघितलेत. चिलापी म्हणजे टिलापिया. मूळची आफ्रिकेची, भारतात आणली 1952 साली, आणि तुमच्या टाकीतल्या ऑस्कर, एंजल, फ्लॉवरहॉर्नच्याच कुळातली. विणीच्या दिवसांत हिचा नर काळाभोर होतो, गळा पांढरा पडतो, परांच्या कडा तांबड्या होतात. उथळ पाण्यात तळाशी ताटासारखा गोल खड्डा करून तो राखत बसतो. मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते. बाजारात बर्फावर येईपर्यंत मात्र सगळ्या सारख्याच करड्या.

मी जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाले तरी फोन येतात, आणि दहातले आठ फोन एकाच वाक्यानं सुरू होतात. ‘मॅडम, मासा काळा पडलाय, कुठलं औषध टाकू?’ मी विचारते, किती वाजता पडला? तेव्हा शेजारी कोण होतं? पर उघडे होते की अंगाला चिकटलेले? पलीकडं शांतता. मासा घरातला, टाकी घरातली, पण बघितलेलं कुणी नसतं.

हसू नका, मीही त्यातलीच. माझ्या तीन फुटी टाकीत कन्व्हिक्टची जोडी होती. मध्य अमेरिकेतला हा मासा, अंगावर कैद्याच्या कपड्यासारखे उभे पट्टे. यात मादी लहान, पण पोटावर केशरी झाक तिलाच. नर मोठा, परांची टोकं लांब, पण रंगानं फिका. नवा माणूस हमखास फसतो. आपल्याकडं मुली ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात आणि पुण्याचा पाहुणा बुचकळ्यात पडतो ना, तसंच. तर एका सकाळी मादीचे पट्टे कोळशासारखे झालेले. कुंडीच्या तोंडाशी बसून राहिली, दाणा टाकला तरी वर येईना. मी घाबरले. जाळीनं धरली, बादलीत औषध घातलं, पाणी निळं केलं आणि तिला त्यात सोडली. तिसऱ्या दिवशी टाकी धुवायला काढली तेव्हा कुंडी उलटी केली. आत, वरच्या बाजूला चिकटलेली अंडी, सगळी पांढरी पडलेली. तिला काही झालंच नव्हतं. ती अंड्यांवर बसली होती आणि मी तिला दवाखान्यात नेलं. या माशांची अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात. म्हणजे ज्या दिवशी पिल्लं दिसायची, त्या दिवशी मी कुंडी धूत होते.

तेव्हापासून मी वही ठेवते.

आता हा रंग बदलतो कसा, ते बघू. माशाच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात, फांद्या फुटल्यासारख्या. रंगाचे कण आत असतातच, ते फक्त जागा बदलतात. ताटाच्या मधोमध काळ्या रांगोळीची चिमूट ठेवा. लांबून ताट पांढरंच दिसेल. तीच चिमूट ताटभर पसरा, ताट काळं. पेशीतल्या सूक्ष्म नलिकांवरून हे कण मध्याकडं ओढले जातात किंवा बाहेर पसरतात. मज्जातंतूंचा निरोप आला की हे काम काही सेकंदांत होतं, संप्रेरकांचा निरोप सावकाश पोचतो. पिवळ्या आणि लाल कणांच्या पेशी वेगळ्या. निळी चमक मात्र रंगाची नसते, पेशीतल्या स्फटिकांवरून उजेड परत फिरतो त्याची असते. हा झाला घटकाभराचा बदल. दुसरा बदल असतो तो पेशींची संख्याच वाढण्या-घटण्याचा, त्याला दिवस, आठवडे लागतात. काळ्या वाळूवर ठेवलेला मासा हळूहळू काळपट होतो, तो यातला. म्हणून मी आधी ‘किती वाजता’ विचारते. दहा मिनिटांत झालेला काळा आणि महिनाभरात झालेला काळा, यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

काळ्याचा अर्थसुद्धा एक नाही. मलावी सरोवरातला ऑराटस घ्या. मादी आणि पिल्लं पिवळी, त्यावर काळे आडवे पट्टे. टाकीचा मालक झालेला नर मात्र जवळजवळ काळा, पट्टे फिके. तिथं काळा म्हणजे जिंकलेला. नाईल टिलापियात उलटं, हरलेल्याचं अंग आणि डोळे गडद होतात. डिस्कसच्या अंगावर उभे पट्टे गडद उठले की त्याचं काहीतरी बिनसलंय. आणि माझी कन्व्हिक्ट, ती बाळंतीण होती. आता फोनवर ‘काळा पडलाय’ एवढंच सांगितलंत तर मी काय सांगू?

माझे वडील तालमीतले. त्यांच्याबरोबर लहानपणी खासबागेत कुस्त्या बघितल्या, त्याचा उपयोग मला टाकीपुढं बसल्यावर झाला. पैलवान लगेच भिडत नाहीत. शड्डू ठोकतात, मग खडाखडी, समोरच्याचं वजन जोखायचं. माझ्या चार फुटी टाकीत दोन ऑराटस नरांची लागली, त्या संध्याकाळची वही वाचते. ‘6.42. दोघे आडवे, एकमेकांना अंग दाखवून. सगळे पर ताठ. 6.43. मोठ्यानं शेपटीनं पाणी मारलं, लहान हलला नाही. 6.45. समोरासमोर, गालफडं फुगवून. 6.46. जबड्यात जबडा. 6.47. सुटले. लहान वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागं. पर मिटलेले. 6.55. लहान्याचा काळा ओसरतोय, पोटाकडून पिवळट. मोठा आणखी गडद.’ वडील शेजारी बसले होते. शेपटीनं पाणी मारलं तेव्हा म्हणाले, ‘हा शड्डू.’ मग जबडे भिडले, सुटले, आणि ते उठून चहाला गेले. त्यांच्या मते कुस्ती निकाली झाली होती. मला रंगाचा निकाल हवा होता, त्यासाठी आणखी आठ मिनिटं बसावं लागलं.

टांगानिका सरोवराच्या भागातल्या बर्टोनी या सिक्लिडवर अमेरिकेत रसेल फर्नाल्ड यांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम झालं. त्याच्या डोळ्याखाली एक काळी रेघ असते. नर जोरावर असला की रेघ ठळक, हरला की काही मिनिटांत गायब. मोठा शेजारी काढून घेतला की दबलेला नर थोड्याच वेळात रंगीत होऊन मिरवायला लागतो. त्याच गटानं 2007 मध्ये दाखवलं की हे मासे नुसती भांडणं बघून कोण कुणाला भारी, हे ताडतात. ‘अ’नं ‘ब’ला हरवलं, ‘ब’नं ‘क’ला हरवलं, असं बघितलेला मासा कधीच न भिडलेल्यांमध्येही कमजोर कोण, ते ओळखून त्याच्या जवळ जातो. म्हणजे तुम्ही टाकीपुढं बसून बघता, तसे टाकीतलेही बसून बघत असतात.

बघायचं कसं, हेही विचारतात. टाकीपुढं खुर्ची टाका आणि पहिली दहा मिनिटं काही लिहू नका. तुम्ही आलात म्हणजे दाणे आले, एवढंच माशाला कळतं. तो तुमच्यासाठी नाचतो, आणि तुम्ही म्हणता किती उत्साही आहे. तो उत्साह ओसरू द्या. मग एकच मासा धरा, दहा मिनिटं दुसऱ्याकडं बघायचं नाही. जीन आल्टमन यांनी 1974 साली हे व्यवस्थित मांडलं, त्यांचा अभ्यास बबून माकडांचा, पण टाकीला तितकाच लागू पडतो. नाहीतर आपली नजर भांडणाऱ्यामागं धावते आणि कोपऱ्यातल्याची नोंदच होत नाही. माशाची बाह्यरेषा एकदा काढून तिच्या झेरॉक्स काढा आणि पट्टे पेन्सिलीनं भरा. मोबाईलच्या फोटोवर भिस्त ठेवू नका, तो रंग आपल्या मनानं दुरुस्त करतो. आणि रात्री एकदम दिवा लावून घाबरू नका. बऱ्याच माशांचा रात्रीचा रंग वेगळा असतो, फिका, ठिपक्याठिपक्यांचा. थोडा वेळ थांबा, मग औषधाची बाटली शोधा.

उजेडाचं एक सांगायलाच हवं, कारण हल्ली दुकानात गुलाबी एलईडीखाली सगळेच मासे नवरदेव दिसतात. व्हिक्टोरिया सरोवरात जवळच्या नात्यातल्या जाती आहेत, एकीचा नर निळा, दुसरीचा तांबडा. मादी रंग बघून आपला ओळखते. ओले झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवलं की नारिंगी उजेडात तिला दोघांतला फरक कळेनासा होतो. सरोवरात जिथं पाणी गढूळ झालं, तिथं रंग फिके पडले आणि जातीही कमी झाल्या. रंकाळ्याचं पाणी शेवाळानं हिरवं झालेलं आपण बघितलंय. तेव्हा आपण वासाबद्दल बोललो.

एका गृहस्थांची तक्रार होती की दुकानदारानं फसवलं, निळा मासा दिला आणि तो पिवळा झाला. केन्यी होता. लहानपणी निळा, नर असला तर मोठा होऊन पिवळा. मी म्हटलं, मुलाला मिसरूड फुटली, पैसे कुणाकडं परत मागणार?

मागून चिठ्ठी आलीय. ‘टाकीला आरसा लावला तर रंग खुलतो म्हणतात, लावावा का?’ खुलतो, खरं आहे. मीही लावला होता. फर्नाल्ड यांच्याच प्रयोगशाळेत 2010 मध्ये तपासलं, बर्टोनी आरशातल्याशी खऱ्याइतकाच भांडतो, पण त्याच्या मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागात हालचाल जास्त दिसते. आरशातला पैलवान आधी वार करत नाही आणि माघारही घेत नाही. तुम्ही थांबलात की तो थांबतो. माझा ऑराटस पाच मिनिटं भिडला. मी आरसा काढून घेतला, तर अर्धा तास त्या कोऱ्या काचेपाशी उभा होता, पर ताठ, अंग काळंकुट्ट.