कालची वालाची उसळ

(सदाशिव पेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? छान.

डायबेटिसने काय काय बिघडतं म्हटलं, तर डोळे, किडनी, पाय ही यादी तुम्हीच मला म्हणून दाखवाल. पोट त्यात नसतं. गॅस आणि ‘साफ होत नाही’ हे सकाळी फिरायला गेल्यावर बोलायचे विषय. डॉक्टरांना ते सांगायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक काका यायचे. बँकेतून निवृत्त, जुना डायबेटिस, इन्सुलिन चालू. हिशेबी माणूस. वहीत साखरेचे आकडे तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेले. दुपारी इन्सुलिन घेऊन जेवायचे आणि तासाभरात दरदरून घाम, साखर ५५. संध्याकाळी काही न खाता तीच २८०. मी वही बघून म्हणाले, काका, तुम्ही जेवणात टंगळमंगळ करता. काकू उखडल्या. “अहो, मी समोर बसून वाढते!” पोट फुगतं अशीही तक्रार होती, त्यावर मी फायबर वाढवायला सांगितलं. काकांनी ते मनावर घेतलं. रात्री दोन चमचे इसबगोल, सकाळी भिजवलेली मेथी, दोन्ही वेळा कच्ची कोशिंबीर. तीन आठवड्यांनी काकू आल्या त्या तणतणतच. “आज सकाळी उलटी झाली यांना. त्यात काल दुपारची वालाची उसळ. दाणे अख्खे!”

तेव्हा माझी ट्यूब पेटली.

आपलं जठर अन्न घुसळतं आणि थोडं थोडं पुढे ढकलतं. हे काम व्हेगस नावाच्या नसेच्या इशाऱ्यावर चालतं. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायांच्या नसांसारखी हीसुद्धा दुबळी होते. अन्न जठरातच मुक्काम ठोकतं. याला म्हणतात गॅस्ट्रोपॅरेसिस. काकांचं इन्सुलिन वेळेवर रक्तात पोचत होतं, जेवण मात्र वरच अडकलेलं. म्हणून आधी साखर घसरायची आणि अन्न उशिरा उतरलं की चढायची. याची खात्री करायला आधी एंडोस्कोपी करून वाटेत अडथळा नाही ना ते बघतात. मग किंचित किरणोत्सर्गी पदार्थ मिसळलेलं खाणं देऊन दर तासाला फोटो. चार तासांनंतरही दहा टक्क्यांहून जास्त उरलं, तर जठर संथ आहे.

आता गंमत बघा. डायबेटिसवाल्यांना आपण फायबर खा, कच्चं खा म्हणून सांगतो. संथ जठराला नेमकं हेच सोसत नाही; चोथा साठून त्याचा गोळाही होऊ शकतो. काकांना मी शत्रूच्या गोटात पाठवलं होतं. मग सगळं उलटं केलं. मऊ भात आणि मेतकूट, मुगाचं पातळ वरण, शिजवून घोटलेला दुधी. तूप-तेल बेताचं, कारण स्निग्ध पदार्थ जठराला आणखी सुस्त करतात. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी. इन्सुलिनची वेळ बदलली. हे घरच्या घरी करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. मेटोक्लोप्रामाइडसारखं औषध जठराला चालना देतं, पण तीन महिन्यांच्या पुढे ओढायचं नसतं. तोंडा-जिभेच्या आपोआप हालचाली जडू शकतात. आणि वाढलेली साखर स्वतःच जठर मंदावते, त्यामुळे ती आटोक्यात आणणं हाही उपचारच.

आजीचं आलं-सैंधव? आल्याने जठर थोडं लवकर रिकामं होतं, असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. जेवणाआधी एक तुकडा चघळायला माझी हरकत नाही. शतपावलीला तर माझा जाहीर पाठिंबा आहे. जेवून लगेच आडवं होण्याची आपली दुपारची एक ते चारची परंपरा मात्र संथ जठराला परवडत नाही.

मोठ्या आतड्याची गोष्ट वेगळी. जठर ठीक आहे आणि नुसता मलावरोध आहे, तर तिथे इसबगोल उत्तम. पेलाभर पाण्याबरोबर, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. त्रिफळाही बऱ्याच जणांना मानवतो. पण ‘रात्री घ्या, सकाळी मोकळे व्हा’वाल्या चूर्णांच्या डबीवर सोनामुखी लिहिलंय का ते चष्मा लावून वाचा. ती कधीमधी ठीक. रोज घेतली तर जुलाबांतून पोटॅशियम जातं.

काही वेळा दोष डायबेटिसच्या गोळ्यांचाच असतो. मेटफॉर्मिनने जुलाब लागतात. जेवणाबरोबर किंवा हळूहळू विरघळणारी गोळी घेतली की बहुतेकांना बरं वाटतं. ती बरीच वर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व उतरतं. पुण्यात हे अंगाशी येतं, कारण इथे ते मुळातच कमी. इथल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने पुण्यात आणि आसपासच्या ४४१ पुरुषांना तपासलं, तेव्हा ६७ टक्क्यांचं कमी निघालं. व्होग्लिबोज आणि अकार्बोजने गॅस होतात, कारण न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. आणि हे लिहून घ्या: या गोळ्यांवर असताना साखर उतरली तर चमचाभर साखर किंवा गूळ चटकन लागू पडत नाही, कारण साखर फोडणारं एन्झाइमच या गोळ्यांनी अडवलेलं असतं. खिशात ग्लुकोज पावडर ठेवा.

भस्मांबद्दल विचारणारच, म्हणून आधीच सांगते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं पोटात गेलं की काय होतं? पोटात कळा आणि मलावरोध! म्हणजे ज्यासाठी पुडी घेतली तेच पदरात. वैद्यांकडे जरूर जा. शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा, आणि पुडीत काय आहे ते मला दाखवा. माझ्या गोळ्यांची चिठ्ठी त्यांनाही दाखवा.

एक चिठ्ठी आली आहे. “ताक चालेल का?” चालेल, जिरं-हिंग घालून. दूध पचत नसलेल्यांनाही ताक बऱ्याचदा सोसतं. फक्त रात्री झोपेतून उठवणारे जुलाब होत असतील, तर ताकावर ताक पीत बसू नका, तपासून घ्या. तशा जुलाबांत कधी लहान आतड्यात जंतू वाढलेले असतात, आणि त्यांना अँटिबायोटिक लागतं.

दुसरी चिठ्ठी त्याच काकांबद्दल: “ते आता काय खातात?” परवाच आले होते. वहीत हिरव्या पेनाने लिहिलं होतं, “वालाची उसळ, दोन चमचे, घोटून.” काकूंच्या मते तीन चमचे होती.