डीबीएस केंद्रातल्या दोन खोल्या
(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

कंपवातावर मेंदूत तार घालून, तिच्यातून करंट सोडून उपचार होतात, हे आता बऱ्याच जणांच्या कानावर असतं. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, थोडक्यात डीबीएस. घरोघरी ‘मेंदूचा पेसमेकर’. ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष मात्र कवटीला पाडलेल्या भोकावर खिळतं. ते भोक साधारण १४ मिलिमीटरचं असतं आणि सरावलेल्या सर्जनसाठी तो त्या दिवसातला सोपा भाग. निकाल ठरतो तो दोन साध्या खोल्यांमध्ये. एक ऑपरेशनच्या आधीची, जिथे माणूस गोळी न घेता येऊन बसतो. दुसरी नंतरची, जिथे यंत्राचा करंट जुळवून घेतात, म्हणजेच प्रोग्रॅमिंग करतात. गुण आला नाही म्हणून परत आलेल्या रुग्णांची तपासणी केली, की एक तर निवड चुकलेली असते, नाही तर तार जराशी बाजूला गेलेली असते, नाही तर प्रोग्रॅमिंग अर्धवट राहिलेलं असतं.

पहिल्या खोलीत काय होतं? आदल्या रात्रीपासून किमान १२ तास लेव्होडोपा, म्हणजे आपल्याकडे सिंडोपा म्हणून ओळखली जाते ती कंपवाताची गोळी, बंद. सकाळी अंग आखडलेलं, पाऊल उचलत नाही. याला रुग्णसुद्धा ‘ऑफ’च म्हणतात. या अवस्थेत ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देतात: बोटं आपटणं, मूठ उघडमीट, खुर्चीवरून उठणं, मागून ओढल्यावर तोल सावरणं. एकूण १३२ गुण, जितके जास्त तितका त्रास जास्त. मग नेहमीच्या सकाळच्या डोसच्या सुमारे दीडपट डोस उपाशीपोटी देतात आणि ‘ऑन’ झाल्यावर पुन्हा मोजतात. ६० वरून ३६ वर आले तर सुधारणा ४० टक्के. साधारण ३० टक्क्यांच्या खाली असेल तर सहसा पुढे जात नाहीत. या सकाळी कपभर दूधसुद्धा नको. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच दारातून आत शिरू बघतात, त्यात गोळी मागे राहते आणि चाचणी खोटी ठरते.

या चाचणीमागचा हिशेब असा, की गोळीने जे सुधारतं तेच डीबीएसने सुधारतं. फरक इतकाच, की दिवसभरातले चढउतार कमी होतात. अपवाद थरथरीचा. गोळीला न जुमानणारी थरथरही तारेने थांबू शकते. बोलणं पुटपुटल्यासारखं होणं, गिळताना ठसका लागणं, ‘ऑन’मध्ये असतानाही पडणं, विसरभोळेपणा यांवर याचा उपाय नाही. बोलणं तर कधीकधी बिघडतं. नातेवाइकांचा पहिला प्रश्न नेमका बोलण्याबद्दलच असतो, म्हणून हे आधी आणि स्पष्ट सांगायला हवं.

स्मरणशक्तीची चाचणी आपल्या गावात एका कारणाने फसते. रामबागेतल्या मराठी शाळेत शिकलेल्या आजींना हिंदी शब्दांची यादी लक्षात ठेवायला सांगितली, तर गुण कमी येणारच. व्यवहारात हिंदी सफाईदार असली तरी शब्द आठवण्याचं काम मातृभाषेतच नीट होतं. त्यामुळे चाचणी कोणत्या भाषेत घेतली, याची नोंद अहवालात असलीच पाहिजे.

आता ऑपरेशन, थोडक्यात. डोक्याला चार खिळ्यांनी चौकट बसवतात, सीटी काढून तो आधीच्या एमआरआयवर जुळवतात. लक्ष्य बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियस: हरभऱ्याहून लहान, भिंगासारखी पेशींची गाठ, मेंदूच्या मध्यरेषेपासून सुमारे १२ मिलिमीटर बाजूला. बारीक सुईसारखा इलेक्ट्रोड अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने खाली नेताना पेशींचा आवाज स्पीकरवर ऐकतात. गाठीत शिरलं की शांतता संपते आणि भरगच्च, अनियमित खरखर सुरू होते. खालून बाहेर पडलं की आवाज नियमित आणि जलद होतो. मग कायमची तार, १.२७ मिलिमीटर जाडीची, टोकाला चार किंवा अधिक संपर्क, म्हणजे करंट सोडणाऱ्या जागा, असलेली. रुग्ण बहुतेक वेळा जागा असतो, कारण मनगट सैल झालं का हे वळवून बघावं लागतं. शेवटी पूर्ण भूल देऊन जोडतार कानामागून, मानेतून खाली नेतात आणि बॅटरी कॉलरबोनखाली ठेवतात.

इथे काय बिघडतं? भोक पाडल्यावर मेंदूभोवतीचं पाणी गळून हवा आत शिरली, की मेंदू खाली बसतो आणि सकाळच्या स्कॅनवरचं लक्ष्य दुपारी त्या जागी नसतं. म्हणून डोकं किंचित उंच ठेवतात, भोक लगेच बुजवतात. तार बाहेरच्या अंगाला गेली तर करंट शेजारच्या मोठ्या मज्जामार्गात शिरतो: चेहरा ओढला जातो, जीभ जड होते. मागे गेली तर हातात मुंग्या येतात आणि जात नाहीत. आत आणि खाली गेली तर डोळा तिरळा होतो किंवा दोन-दोन दिसतं. याच खुणांवरून नंतर प्रोग्रॅमिंग करणारा तार कुठे आहे याचा अंदाज बांधतो. मेंदूत रक्तस्राव हा सगळ्यांत गंभीर धोका, पण त्याहून जास्त वेळा सतावतो तो बॅटरीच्या खिशातला जंतुसंसर्ग. त्यात कधीकधी सगळं साहित्य काढावं लागतं.

दुसरी खोली दोन ते चार आठवड्यांनी उघडते, आणि घाई केली तर फसगत होते. नुसती तार घातल्यानेच आजूबाजूला सूज येते आणि यंत्र बंद असतानाही माणूस बरा वाटतो. घरचे पेढे वाटतात, सूज उतरली की थरथर परत. ती उतरल्यावर सेटिंग सुरू करतात: सहसा १३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३० ठोके, प्रत्येक ठोका ६० मायक्रोसेकंदांचा, आणि एकेका संपर्कावर करंट शून्यापासून थोडाथोडा वाढवत न्यायचा. कडकपणा किती मिलिॲम्पिअरला सुटला आणि त्रास कितीला सुरू झाला, हे दोन आकडे प्रत्येक संपर्कासाठी लिहायचे. दोन्हींत अंतर जास्त तो संपर्क चांगला. आकडे लिहिलेच नाहीत, तर पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. मग गोळ्या हळूहळू कमी. त्या झपाट्याने कमी केल्या तर माणूस हसेनासा होतो, कशात रस घेत नाही. त्याला ‘ऑपरेशननंतर बदलला’ म्हणतात, पण दोष बऱ्याचदा डोसचा असतो. पहिल्या वर्षात मनःस्थितीवर खास नजर ठेवायची.

ही भेटही ‘ऑफ’मध्येच व्हावी लागते. इंदूरहून मुंबईला दाखवायला जाणारे अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून उतरतात तेव्हा पाय हलत नाहीत. रात्रीचा डोस कधीपर्यंत घ्यायचा हे केंद्राकडून लिहून घ्या, स्टेशनवर व्हीलचेअर आधी सांगून ठेवा, आणि बरोबर धडधाकट माणूस हवाच.

आता ट्रायलबद्दल, म्हणजे उपचार रुग्णांवर पारखून बघणाऱ्या चाचण्यांबद्दल. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला न्यूरोसर्जन बेनाबिद यांनी थरथरीसाठी ही पद्धत वापरली, त्यानंतर तिची कसोटी वर्षानुवर्षं चालली आहे. कंपवातात ती उतरली. ती नैराश्यावरही वापरून पाहिली, तिथे मात्र अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये यंत्र चालू असलेल्या आणि बंद असलेल्या गटांत ठोस फरक दिसला नाही. सबथॅलॅमिक किंवा नैराश्यातल्या जागेवर योग्य पातळीचा करंट एरवी जाणवत नाही, त्यामुळे त्याच माणसाचं यंत्र काही आठवडे चालू, काही आठवडे बंद ठेवून, त्याला आणि तपासणाऱ्यालाही न सांगता तुलना करता येते. अडचण अशी, की कंपवातात यंत्र बंद केलं की थरथर काही मिनिटांत परत येते आणि गुपित फुटतं. नैराश्यात परिणाम दिसायला आणि ओसरायला आठवडे, महिने लागतात, म्हणून छोटा कालखंड उत्तर देत नाही. मला विचाराल तर नैराश्यातल्या त्या चाचण्या ‘पद्धत निरुपयोगी’ असं सिद्ध करत नाहीत. मोजायची वेळ चुकली असण्याची शक्यता मोठी आहे.

इंदूरकरांना क्लिनिकल ट्रायल हा शब्द नवा नाही. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये ट्रायलमधल्या गैरप्रकारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले आणि संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण करण्याचे आदेश निघाले. औषधांसाठी आता २०१९ चे नियम आहेत, उपकरणांसाठी २०१७ चे. ट्रायलची नोंदणी सीटीआरआय या देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर, पहिला रुग्ण घेण्याआधी झालेली असावी. ती कोणीही पाहू शकतो. संमतीपत्र तुम्ही वाचता त्या भाषेत मागा आणि घरी आणून वाचा.

डीबीएसच्या ट्रायलमध्ये एक प्रश्न औषधाच्या ट्रायलमध्ये नसतोच. गोळी बंद करता येते, तार आत राहते. साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते, रिचार्जची पंधराच्या आसपास. वर्षानुवर्षं करंटवर असलेल्या माणसाची बॅटरी अचानक संपली, तर काही तासांत तो अंथरुणाला खिळू शकतो, आणि जुना गोळीचा डोस पुरत नाही. म्हणून संमतीपत्रात तीन ओळी शोधा: ट्रायल संपल्यावर बॅटरी कोण बदलणार, प्रोग्रॅमिंग कोण करणार, आणि यंत्र काढायचं ठरलं तर खर्च कोणाचा. ओळी नसतील तर सही करण्याआधी मुख्य संशोधकाकडून लिहून घ्या. तो टाळत असेल तर त्या ट्रायलला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीला पत्र लिहा. समितीचा संपर्क त्याच संमतीपत्रावर छापलेला असतो.